बिनचवीच्या वस्तूची चव

जिभेला हाड नसतं, असं म्हणतात. जीभरावांच्या जिभेलाही हाड नव्हतं, पण नोकरी मात्र होती, आणि तीही पेन्शनीची. शहराच्या पाणीपुरवठा खात्याच्या प्रयोगशाळेत पाण्याची चव आणि वास तपासणं हे त्यांचं काम. पाण्यात क्षार किती, गाळ किती, हे यंत्रं सांगतात. पण पाणी प्यायला कसं लागतं हे सांगणारं यंत्र खात्याकडे नव्हतं, तिथे जीभराव होते. एक घोट तोंडात फिरवून ते पाणी कुठल्या टाकीचं, टाकी नुकती धुतली आहे की धुवायची राहिली आहे, वाटेतला पाइप नवा की गंजका, हे सांगत. त्यांना आईबापांनी ठेवलेलं एक नाव होतं, पण ते आता फक्त पगाराच्या दिवशी वापरात यायचं.

अशा माणसाने दारूच्या भानगडीत पडायचं काही कारण नव्हतं. जीभरावांनी आयुष्यात दारूचा थेंब घेतला नव्हता. त्यात तत्त्व वगैरे काही नाही, केवळ जीभ जपायची म्हणून. ते तिखट बेताने खात, कच्चा कांदा फक्त सुट्टीच्या दिवशी खात, आणि चहा इतका कोमट पीत की करणाऱ्याला अपमान वाटावा. गवयाने गळा जपावा तशी त्यांनी जीभ जपली होती. फरक इतकाच, की गवयाला टाळ्या मिळतात आणि जीभरावांना नळाचं पाणी गढूळ आल्यावर शेजाऱ्यांच्या शिव्या मिळत.

तर हे सगळं सुरू झालं ते सासऱ्यांच्या एका वाक्यावरून. सासरे घड्याळं दुरुस्त करायचे. माणूस कमी बोलणारा, पण वेळेवर बोलणारा. त्यांना पंच्याहत्तर वर्षं पूर्ण होत होती आणि लेकी-जावई सगळे त्यांच्या घरी बसून वाढदिवसाचा बेत करत होते. भेट काय आणायची यावर बराच खल झाल्यावर सासरे म्हणाले, "मला शाल नको, घड्याळ तर मुळीच नको. एक चांगली व्होडका आणा. पण महागाची नको. महागाची आणली की बाटली संपते आणि किंमत ऐकणं चालू राहतं."

हा टोला थोरल्यांना होता. थोरले म्हणजे थोरले जावई, जीभरावांचे साडू. टायरचा व्यापार, भरदार अंगकाठी आणि पिण्याच्या बाबतीत घरातलं शेवटचं कोर्ट. कुणी बाटली आणली की ते ती हातात घेत, दिव्यासमोर धरत, लेबल वाचताना भुवया उडवत, एक घोट घेऊन डोळे मिटत आणि मग निकाल देत. 'ठीक आहे' हा त्यांचा सर्वांत चांगला निकाल. त्या 'ठीक आहे'वर घरातले पुरुष वर्षभर जगत.

थोरले हसले. "चांगली आणि स्वस्त? बाबा, या दोन गोष्टी एका बाटलीत मावत नाहीत. आणि त्यातून व्होडका! व्हिस्कीला रंग आहे, रमला वास आहे, बिअरला फेस आहे, वाइनला निदान आंबटपणा तरी आहे. व्होडकाला काय आहे? रंग नाही, वास नाही, चव नाही. तिथे माणसाला जीभ लागते."

जीभ हा शब्द ऐकून जीभराव गप्प बसले असते तर ही गोष्ट इथेच संपली असती.

"मी आणतो," ते म्हणाले.

बायको म्हणाली, "अहो, तुम्ही? खोकल्याचं औषध घेतलं तरी तुम्ही टीव्हीतल्या बाईला नमस्कार करता."

"रंग नाही, वास नाही, चव नाही," जीभराव शांतपणे म्हणाले. "इतकी वर्षं मी दुसरं काय पितोय?"

थोरल्यांनी मांडीवर थाप मारली. "वा! पाणीवाला आता व्होडका पारखणार! आणा, जरूर आणा. पण आधीच सांगून ठेवतो, निकाल मी देणार आणि सगळ्यांसमोर देणार. वाईट निघाली तर 'नळाची व्होडका' हे नाव तुम्हाला जन्मभर चिकटलं म्हणून समजा. कबूल?"

"कबूल."

यात धोका काय होता, हे बाहेरच्याला कळणार नाही. त्या घरात विनोद मरत नसत. एका चुलत मेव्हण्याने कधीकाळी आंबलेली वाइन आणली होती. त्याचं पुढे लग्न झालं, मुलं झाली, डोक्यावरचे केस गेले, पण घरात त्याला अजून 'व्हिनेगर' म्हणतात, आणि आता तर त्याची मुलंही म्हणतात. जीभरावांकडे ना थोरल्यांसारखा धंदा होता, ना गाडी, ना तसा खणखणीत आवाज. सासरी त्यांच्याकडे मिरवण्यासारखी एकच गोष्ट होती, ती तोंडात होती, आणि ती त्यांनी पणाला लावली होती.

पण ते डगमगले मुळीच नाहीत. घरी येताना त्यांची चालच बदलली होती.

बातमी इमारतीत त्यांच्या आधी पोचली. आपल्याकडे माणसाला घर घ्यायचं असेल तर शेजारी 'बघा बुवा, तुमचं तुम्ही' म्हणतात, पण बाटली घ्यायची म्हटली की ज्याला त्याला सल्ल्यांचा पाझर फुटतो. वरच्या मजल्यावरचे बोटवाले काका उभी हयात जहाजावर काढून आलेले. ते जिन्यातच गाठून म्हणाले, "बटाट्याची घ्या. गव्हाची घेतलीत तर तोंड बघणार नाही." समोरचे निवृत्त रोखपाल म्हणाले, "बटाटा, गहू काही बघू नका. सगळ्यात स्वस्त घ्या आणि घरी कोळशातून गाळा. दोनदा गाळली की स्वस्ताची महाग होते." त्यांनी हा प्रयोग स्वतः केला आहे का, असं विचारल्यावर ते म्हणाले की आमची ही घरात कोळसा आणू देत नाही. तळमजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरांचं मत सगळ्यांत वेगळं. "काहीही घ्या, फक्त बर्फाच्या कप्प्यात ठेवा. थंडीत जीभ बधिर होते. जीभ बधिर झाली की सगळ्याच सज्जन वाटतात."

"म्हणजे आधी भूल द्यायची," जीभराव म्हणाले.

"मी दुसरं काय करतो?" डॉक्टर म्हणाले.

जीभरावांनी सगळ्यांचं नीट ऐकून घेतलं आणि त्यांतलं काहीही करायचं नाही असं ठरवलं. बाकीच्यांची मतं होती. त्यांच्याकडे पद्धत होती.

दारूच्या दुकानात पाऊल टाकायची त्यांची ही पहिलीच वेळ. रांगेत उभे राहून ते पुढे पोचले आणि अत्यंत सभ्यपणे म्हणाले, "परवडतील अशा चांगल्या व्होडका दाखवा. आणि जरा चव बघायला मिळेल का?"

दुकानदाराने त्यांच्याकडे खालपासून वरपर्यंत पाहिलं. "साहेब, हे चपलांचं दुकान नाही, घालून बघायला."

"पण चव न बघता माणूस घेणार कसा?"

"बाकीचे घेतात तसा. घाईघाईत."

मागची रांग आता यात पडली. एक म्हणाला, व्होडका कशाला, रम घ्या, अंगात ऊब राहते. दुसरा म्हणाला, थंडगार बिअरसारखं सुख नाही, पोटही भरतं. तिसरा नुसता 'व्हिस्की' एवढंच म्हणाला, पण असं म्हणाला की जणू कुलदैवताचं नाव घेतलं. दुकानदार म्हणाला, "व्होडका घेणाऱ्याला चव नको असते हो, वास नको असतो. घरी बायको असते." रांग खळखळून हसली. जीभरावांनी ताठ मानेने, परवडणाऱ्यांतल्या चार वेगवेगळ्या कंपन्यांच्या चार क्वार्टर घेतल्या आणि डब्याच्या पिशवीत ठेवल्या. त्या पिशवीला त्या दिवसापर्यंत आवाज नव्हता. परतताना वाटेत मुलीच्या शाळेच्या मुख्याध्यापिका भेटल्या आणि कोपऱ्यापर्यंत सोबत चालल्या. पावला-पावलाला पिशवी किणकिणत होती आणि जीभराव दर किणकिणीबरोबर हवापाण्याबद्दल काहीतरी बोलत होते. "फारच मोकळे बोलता हो तुम्ही आज," बाई निरोप घेताना म्हणाल्या.

आता प्रश्न होता चव घ्यायची कुठे. घरात फोडणी, उदबत्ती, बायकोची पावडर. तिथे पारख होणं शक्य नव्हतं. चव घ्यायची तर प्रयोगशाळेतल्या चवीच्या खोलीतच. तिथे वासाचा साबण लावून आलेल्याला दाराबाहेर काढतात. शिवाय ती खोली म्हणजे जीभरावांचं राज्य. त्यांनी घरीच चारही व्होडका पाण्याच्या नमुन्याच्या स्वच्छ बाटल्यांत ओतल्या, वर एक ते चार आकडे टाकले आणि दुसऱ्या दिवशी डब्याबरोबर कामावर नेल्या.

पद्धत सोपी होती. नमुन्यात बिनवासाचं पाणी घालत जायचं, घोट घ्यायचा, फिरवायचा, थुंकायचा. ज्याची चव आधी नाहीशी होईल तो नमुना उत्तम. पाण्याला जो न्याय तोच व्होडकाला. दुपारच्या सुट्टीत दार लावून त्यांनी पहिला घोट घेतला. घेतला मात्र, इतक्या वर्षांच्या जपलेल्या जिभेने तिथल्या तिथे संप पुकारला. गालाला मुंग्या आल्या, नाक पाणावलं, आणि त्यानंतर तोंडात आहे ते पाणी आहे की शाई हेही कळेना. जीभराव चिडले नाहीत. नमुना कडक आहे, जीभ ताजी असताना उद्या सकाळी घेऊ, असं म्हणून त्यांनी चारही बाटल्या प्रयोगशाळेच्या फ्रीजमध्ये रिकाम्या दिसलेल्या एका फळीवर ठेवून दिल्या.

ती फळी टेकडीच्या टाकीची होती.

टेकडीची टाकी म्हणजे खात्याची दुखरी दाढ. त्या पाण्यात कधी जंतू, कधी गंज, कधी दोन्ही. शेजारच्या खोलीत जंतूंची तपासणी करणाऱ्या एक बाई होत्या, त्यांना सगळे जंतूबाईच म्हणत. जंतूबाईंना बारा महिने सर्दी. त्या सकाळी लवकर आल्या, टेकडीच्या फळीवर चार बाटल्या दिसल्या, त्यांतून त्यांनी तपासणीपुरतं घेतलं आणि बाटल्या होत्या तिथे परत ठेवून दिल्या. नाक चालू असतं तर खोलीभर कळलं असतं. पण नाक चालू नव्हतं. आणि जीभराव त्या सकाळी नेमके दोन दिवसांसाठी एका फुटलेल्या पाइपवर पाठवले गेले.

ते परत आले तोवर निकाल लागला होता. टेकडीच्या चारही नमुन्यांत एकही जंतू नाही. जिवंत नाही, मेलेला नाही, वाट चुकलेलाही नाही. प्रयोगशाळेच्या प्रमुख, ज्यांना सगळे मोठ्या बाई म्हणत, त्या आनंदाने खुर्चीतून उठल्याच. त्यांनी टेकडीवरच्या टाकीवाल्याला स्वतः फोन करून त्याचं अभिनंदन केलं. टाकीवाला म्हणाला, "बाई, माझं काही चुकलं असेल तर सरळ सांगा. असं टोचून बोलू नका." पण बाई कुठल्या ऐकायला! त्यांनी मुख्य अभियंत्यांनाही कळवलं. अभियंते म्हणाले, मी उद्याच येतो, टेकडीवर जे केलं ते सगळ्या टाक्यांवर करायचं.

सगळ्या टाक्यांवर! जीभरावांच्या डोळ्यांपुढे सबंध शहर तरळलं, सकाळी उठून नळाखाली बादल्या लावून झुलणारं. ते तडक मोठ्या बाईंच्या खोलीत गेले.

"बाई, त्या बाटल्यांत पाणी नव्हतं."

"मग काय होतं?"

"व्होडका."

बाईंनी चष्मा काढला, पुसला आणि परत लावला. "चारही बाटल्यांत?"

"चारही. पण वेगवेगळ्या."

"तरीच," बाई म्हणाल्या. "जंतू राहतील कशाला तिथे." मग त्यांना आपण प्रमुख आहोत हे आठवलं. "लेखी खुलासा द्या. आणि ते नमुने नियमाप्रमाणे नष्ट करा, दोघांच्या समक्ष. आजच्या आज."

खुलासा लिहायला जीभरावांना दुपार पुरली नाही. 'सदर नमुने खाजगी व कौटुंबिक स्वरूपाचे असून' इथपर्यंत लेखणी झरझर चाले आणि पुढे अडे. शेवटी त्यांनी लिहिलं, की सदर द्रव सासऱ्यांसाठी असून त्याचा शहरातील नागरिकांशी संबंध नाही. अभियंत्यांची भेट रद्द झाली. टाकीवाल्याला परत फोन करून अभिनंदन मागे घेण्यात आलं, तेव्हा कुठे त्याचा जीव भांड्यात पडला.

राहिलं नमुने नष्ट करणं. बेसिनजवळ एका बाजूला मोठ्या बाई, दुसऱ्या बाजूला रुमाल नाकाशी धरून जंतूबाई, आणि मध्ये जीभराव. दुसरा कुणी असता तर त्याने मान खाली घालून भराभरा ओतून टाकलं असतं. जीभरावांनीही मान खाली घातली, पण ती नाक बेसिनजवळ नेण्यासाठी. चव गेली तर गेली, वास तर होता! नंबर एक ओतली, वास नेलपॉलिशसारखा. बाद. नंबर दोनला गोडसर, लबाड वास. काहीतरी लपवलं होतं. बाद. चौथी सगळ्यांत महाग, पण ती आल्या आल्या स्वतःची ओळख करून देत होती. तीन नंबर मात्र शांतपणे गेली. ओतली तरी ओतल्यासारखी वाटली नाही. जीभरावांनी मान वर केली तेव्हा त्यांचा चेहरा उजळला होता.

"कुठली?" मोठ्या बाईंनी भिंतीकडे बघत विचारलं.

"तीन नंबर. आणि महागही नाही."

"मी काही विचारलं नाही," बाई म्हणाल्या.

घरी येऊन जीभरावांनी बायकोला सगळं सांगितलं, खुलाशासकट. बायकोने कपाळावर हात मारला. "पिणारे पितात आणि मोकळे होतात. तुम्ही एक थेंब न पिता मेमो घेऊन आलात!" पण तिच्याच हातच्या पिशवीतून तीन नंबरची मोठी बाटली घरात आली, कारण त्या रांगेत परत उभं राहायला जीभरावांचा धीर होईना. दुकानदार तिला काही बोलला नाही म्हणे.

वाढदिवस जीभरावांच्या घरी होता. खुर्च्या शेजाऱ्यांकडून आणल्या होत्या, आणि त्या खुर्च्यांबरोबर शेजाऱ्यांचे सल्लेही आले होते, ते दारातूनच परत पाठवले गेले. सासरे मधल्या खुर्चीत बसले. खारे दाणे, काकडीच्या चकत्या, उकडलेली अंडी, सगळं मांडून झालं होतं. थोरले आले ते नेहमीसारखे मोठ्याने बोलत आले. हातात त्यांची स्टीलची बाटली होती. हल्ली ते जातील तिथे ती नेत. "आपला खास सोडा आहे," असं सांगत आणि कुणाला देत नसत. त्यांच्यामागून त्यांच्या पत्नी, म्हणजे जीभरावांच्या मेव्हणी आल्या, त्या मात्र आज जरा गप्प होत्या.

"आणा तुमची नळाची व्होडका," थोरले म्हणाले. त्यांनी बाटली दिव्यासमोर धरली, लेबल वाचलं, भुवया उडवल्या, किंमत ओळखून मान हलवली. मग आपला ग्लास आपणच भरायचा या त्यांच्या शिरस्त्याप्रमाणे भिंतीकडच्या टेबलाशी जाऊन, सगळ्यांकडे पाठ करून त्यांनी ग्लास तयार केला. सासऱ्यांचा ग्लास जीभरावांनी भरला.

थोरल्यांनी एक घोट घेतला. डोळे मिटले. खोलीत दाणे चावायचा आवाजही थांबला.

"मऊ आहे," थोरले म्हणाले. "घशाला लागत नाही. मागे काही रेंगाळत नाही." त्यांनी डोळे उघडले. "जीभराव, मानलं तुम्हाला. उत्तम!"

उत्तम! 'ठीक आहे'च्या वर काही असतं हे त्या घराला त्या दिवशी कळलं. व्हिनेगरने टाळ्या वाजवल्या. बायकोने जीभरावांकडे असं पाहिलं की खुलाशाचं सार्थक झालं. जीभरावांच्या छातीत जे काही भरून आलं त्याला जागा कमी पडायला लागली. त्यांनी टेबलावरचा आपला पाण्याचा ग्लास उचलून एक मोठा घोट घेतला.

घोट तोंडात फिरला आणि जीभराव जागच्या जागी थबकले. पाणी होतं, पण ते त्यांच्या घरचं नव्हतं. उकळलेलं होतं, उकळलेल्या पाण्यातली हवा गेलेली असते, ते सपाट लागतं. आणि त्या सपाटपणाखाली बारीकशी गंजाची चव होती. टेकडीची टाकी. या खोलीतल्या माणसांपैकी त्या टाकीचं पाणी एकाच्याच घरी यायचं. जीभरावांनी हातातल्या ग्लासाकडे पाहिलं. तो त्यांचा नव्हता, शेजारी ठेवलेला थोरल्यांचा होता.

म्हणजे 'उत्तम' मिळालं होतं ते पाण्याला!

जीभरावांना राग आला, आणि तो चांगला सणसणीत आला. ज्या निकालासाठी रांगेत हसं करून घेतलं, मोठ्या बाईंपुढे मान खाली घातली, खुलासा लिहिला, तो निकाल ह्या माणसाने व्होडकाला तोंडही न लावता दिला होता. आता एक वाक्य बोललं की झालं. नळाची व्होडका कोण पितो ते सगळ्यांना कळलं असतं, आणि नाव जन्मभर कुणाला चिकटायचं तेही ठरलं असतं. त्यांनी तोंड उघडलं आणि थोरल्यांकडे पाहिलं. थोरल्यांचं लक्ष त्यांच्या हातातल्या ग्लासावर होतं. एवढा भरदार माणूस, पण चेहऱ्यावरचं रक्त उतरलं होतं.

"अं, बर्फ बघतो," जीभराव म्हणाले आणि स्वयंपाकघरात गेले. थोरले त्यांच्यामागे गेले.

"कळलं ना?" थोरले हळू आवाजात म्हणाले.

"टेकडीचं आहे. उकळलेलं."

"यकृत," थोरले म्हणाले. "डॉक्टर म्हणाले, आता एक थेंब घेतलात तर माझ्याकडे येऊ नका. तुमच्या मेव्हणीला माहीत आहे, बाकी कुणाला नाही."

"मग सांगायचं की सरळ. यात लाजायचं काय?"

"तुम्हाला काय जातं म्हणायला!" थोरल्यांचा आवाज चढला आणि लगेच बसला. "मी आलो की हे सगळे ग्लास मांडतात, माझ्याकडे बघतात. बाटली गेली तर या घरात मी कोण हो? टायरवाला. टायरबद्दल कोण विचारतं मला?"

जीभरावांचा राग कुठे गेला ते त्यांनाच कळलं नाही. एकाच गोष्टीवर घरात उभं राहणं म्हणजे काय, हे त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती. त्यांना एकदम या माणसाची माया आली.

तेवढ्यात बाहेरून सासऱ्यांची हाक आली. "दोन्ही जावई कुठे गेले? या इकडे! थोरले, तुम्ही 'उत्तम' म्हणालात, आज माझ्या हातचा एक घ्यायचा. नुसती, सोडाबिडा काही नाही."

दोघे बाहेर आले तर सासरे बाटली घेऊन उभेच होते. वाढदिवसाचा म्हातारा माणूस स्वतःच्या हाताने ओततो आहे, त्याला नाही कोण म्हणणार? मेव्हणींनी पदराचं टोक मुठीत धरलं होतं. थोरल्यांचा हात ग्लासाकडे निघाला होता.

"थांबा!" जीभराव ओरडले. त्यांनी पुढे होऊन सासऱ्यांच्या हातातली बाटली काढून घेतली. "बाबा, ही कुणी पिऊ नका. मला आत्ता वास आला. नमुना खराब आहे. माझी निवड चुकली."

जीभराव नमुन्याबद्दल आयुष्यात पहिल्यांदा खोटं बोलत होते, आणि ते त्यांना जमत नव्हतं. कान लाल झाले होते. पण पाय थांबले नाहीत. ते बाटली घेऊन हात धुवायच्या बेसिनपाशी गेले.

"खराब? मला तर छान लागली," सासरे म्हणाले.

"थोरल्यांनी उत्तम दिलं ना?" व्हिनेगर म्हणाला आणि त्याला हसू फुटलं. "म्हणजे शेवटी नळाचीच!" हशा पिकला. बायको हसली नाही. नवऱ्याकडे पाहून तिचे डोळे भरले. काय चाललंय ते तिला कळेना, पण ज्या माणसाने खात्यापुढे हार मानली नव्हती तो इथे उगाच हार मानत नाही, एवढं तिला नक्की कळत होतं.

जीभरावांनी बाटली तिरकी केली. पहिला थेंब तोंडाशी आला.

"ओतू नका!" थोरले म्हणाले. तो त्यांचा नेहमीचा खणखणीत आवाज होता. "बाटली चांगली आहे. जीभराव खोटं बोलताहेत, माझ्यासाठी. मला दारू बंद आहे. कित्येक महिने मी पाणी पितोय. आत्ताही पाणीच पीत होतो."

हसू जिथल्या तिथे थांबलं. मेव्हणींनी मुठीतलं पदराचं टोक सोडलं. सासऱ्यांनी थोरल्यांकडे पाहिलं, जीभरावांकडे पाहिलं आणि मग आपल्या ग्लासाकडे पाहिलं.

"म्हणजे इतके महिने मी एकटाच पितोय?" ते म्हणाले. "आणि कुणी सांगितलं नाही?" त्यांनी जीभरावांच्या हातातून बाटली परत घेतली, आपला ग्लास भरला, एक घोट घेतला, आणि दुसरा घेतला. "चांगली आहे. निकाल द्यायचा तर जो पितोय त्याने द्यावा. थोरले, बसा तुम्ही."

थोरले बसले. पण हातात ग्लास नाही, समोर बाटली नाही, म्हटल्यावर त्यांना हात कुठे ठेवावेत कळेना. त्यांनी ते मांडीवर ठेवले, मग घडी घातली, मग परत मांडीवर ठेवले. घरातले सगळे दुसरीकडे बघत होते. थोरल्यांना इतकं गप्प त्या घराने कधी पाहिलं नव्हतं, आणि कुणालाच ते बघवेना.

जीभराव स्वयंपाकघरात गेले आणि तीन ग्लास घेऊन आले. तिन्हींत पाणी. ते त्यांनी थोरल्यांपुढे ओळीने मांडले.

"हे काय?"

"एक आमच्या नळाचं. एक गाळलेलं. एक तुमच्या स्टीलच्या बाटलीतलं. रंग नाही, वास नाही, चव नाही," जीभराव म्हणाले. "तुम्हीच म्हणालात, तिथे जीभ लागते. ओळखा."

थोरल्यांनी त्यांच्याकडे संशयाने पाहिलं. मग पहिला ग्लास उचलला. सवयीने तो दिव्यासमोर धरला. भुवया उडवल्या. एक घोट घेतला, तोंडात फिरवला आणि डोळे मिटले. खोलीत परत दाणे चावायचा आवाज थांबला. सासरेही पुढे झुकले.

"हे माझं," थोरले म्हणाले. "टेकडीचं."

"साफ चूक," जीभराव म्हणाले. "नळाचं आहे."

थोरल्यांनी ग्लासात पाहिलं, जीभरावांकडे पाहिलं आणि बाह्या सरसावून खुर्ची पुढे ओढली.

"आणखी एक भरा," ते म्हणाले.